समालोचक कसा असावा?



सामना चालू असताना समालोचकाचे बोलणे तुम्ही लक्ष देऊन ऐकता का? मी पूर्वी ऐकत नसे. माझ्या अब्बांमुळे मला ती सवय लागली.

आमचे गाव शेलू. मध्य रेल्वेवर वांगणी आणि नेरळ यांच्या मधले हे स्थानक. अब्बांना क्रिकेटची फार आवड. पण आता त्यांची दृष्टी अधू झाली आहे. तरी ते आमच्याबरोबर टीव्हीसमोर बसतात. चेंडू हवेत उंच जातो. आम्ही ओरडतो. समालोचकही "अप्रतिम!" म्हणून ओरडतो. अब्बा मात्र विचारतात, "काय झालं रे? चेंडू कुठं गेला?" रेडिओवर समालोचन असले, की त्यांना कोणालाच विचारावे लागत नाही. उलट तेच आम्हांला सामना सांगतात!

म्हणून माझे मत असे, की रेडिओचा समालोचक अधिक कसलेला असतो. त्याच्या मदतीला चित्र नसते. गोलंदाज कोण, चेंडू कोठे पडला, फलंदाजाने तो कोठे टोलवला, कोणी अडवला, धावा किती झाल्या, हे सारे त्याला काही क्षणांत आणि क्रमाने सांगावे लागते. धावसंख्या तर पुन्हा पुन्हा सांगावी लागते. कारण नवा श्रोता केव्हाही येऊन बसतो.

तुम्ही म्हणाल, "सर, टीव्हीवर सगळे दिसतेच की! मग वर्णन कशाला?" तुमचे म्हणणे काही अंशी खरे आहे. तेथे समालोचकाने न दिसणारे सांगावे. क्षेत्ररक्षक का हलवला? चेंडू का वळला? सांगण्यासारखे काही नसेल, तर गप्प राहावे. पण पुष्कळदा नुसत्या गप्पा चालतात आणि धावसंख्या सांगायची राहून जाते. झेल सुटला, तर तेवढेच सांगावे. खेळाडूची थट्टा करू नये.

शब्दांचे मोल किती असते पाहा. 18 जून 1983 रोजी इंग्लंडमधील टनब्रिज वेल्स येथे विश्वचषकात भारत 5 बाद 17 अशा संकटात होता. कपिलदेवने झिंबाब्वेविरुद्ध नाबाद 175 धावा काढल्या. त्या खेळीचे चित्रीकरण झालेच नाही. पाहणाऱ्यांनी केलेल्या वर्णनातूनच ती आज आपल्यापुढे उभी राहते.

मराठीत बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेट घरोघर पोहोचवले. ते स्वतः महाराष्ट्राकडून रणजी सामने खेळले होते. 'मराठी आपल्याला जमणार नाही', असे तुमच्यापैकी काहींना वाटते. पण मराठी समालोचनातला 'गोलंदाज' हा शब्द ऐका. तुमच्या 'तीरंदाज'चाच तो भाऊ आहे!

तेव्हा शाळेच्या पुढच्या सामन्यात एक खेळ खेळा. एकाने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने त्याला मराठीतून सामना सांगावा. भाषा चुकली तरी चालेल, चेंडू चुकता कामा नये.

मीही हल्ली अब्बांना सामना सांगतो. पहिल्या दिवशी मी मोठ्या उत्साहाने म्हणालो, "चौकार!" अब्बांनी लगेच विचारले, "कोणत्या बाजूला?"