‘आम्ही राजकारणात नाही’ या भूमिकेचे राजकारण

ख्रिस्ती श्रद्धा आणि शासनसंस्था यांच्या नात्याविषयी दोन ठरीव मते वारंवार ऐकू येतात. पहिले मत चर्चच्या व्यासपीठावरून मांडले जाते: श्रद्धा हा आत्म्याचा विषय आहे, चर्चला राजकारणाशी कर्तव्य नाही. दुसरे मत खुद्द डाव्या चळवळीतील काही कार्यकर्ते बोलून दाखवतात: श्रद्धावंत ख्रिस्ती माणूस स्वभावतःच सत्तेचा ताबेदार असतो, त्याच्याकडून लढ्याची अपेक्षा व्यर्थ आहे. ही मते परस्परविरोधी भासली तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रमाद आहे. दोन्ही मते श्रद्धेला वर्गसंबंधांच्या बाहेर नेऊन ठेवतात. बंगळूर शहराचा अनुभव या दोहोंचाही निकाल लावतो.

भारतातील ख्रिस्ती विचाराची जडणघडण ज्या मोजक्या शहरांत झाली, त्यांत बंगळूरचे स्थान अग्रभागी आहे. १९१० साली स्थापन झालेले युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज येथे आहे. धर्म आणि समाज यांच्या अभ्यासासाठी १९५७ साली निघालेली ‘ख्रिश्चन इन्स्टिट्यूट’ येथलीच. जेझुइटांची इंडियन सोशल इन्स्टिट्यूटही येथे आहे. सत्तेपुढे ख्रिस्ती माणसाने कसे उभे राहावे, हा वाद या शहरात ग्रंथांतून आणि प्रत्यक्ष आचरणातूनही लढला गेला.

प्रथम ‘अराजकीय’ चर्चचा दावा तपासू. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात पौलाने अधिकाऱ्यांच्या अधीन राहण्याचा उपदेश केला आहे, आणि राजनिष्ठ धर्मगुरूंनी शतकानुशतके त्याचाच आधार घेतला आहे. मग १९५९ साली केरळात हा अध्याय कोठे गेला होता? ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या लोकनिर्वाचित सरकारने शिक्षणविषयक कायदा करून खासगी शाळांच्या चालकांच्या मनमानीला लगाम घालताच कॅथलिक धर्माधिकारी नायर सर्व्हिस सोसायटीच्या खांद्याला खांदा लावून त्या सरकारविरुद्ध उभे ठाकले. ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते सरकार बडतर्फ केले. पुढे जून १९७५ मध्ये आणीबाणी लादली गेली, तेव्हा मात्र अनेक चर्चनेत्यांनी एक तर तिचे स्वागत केले किंवा मौन पाळले. तोच धर्मग्रंथ, तीच श्रद्धा. आचरण मात्र उलटसुलट.

या विसंगतीचे उत्तर बायबलमध्ये शोधून सापडणार नाही. ते जमाखर्चाच्या वह्यांत आहे. शाळा, रुग्णालये, जमिनी, सरकारी अनुदाने आणि परदेशी देणग्या यांच्या जाळ्यात गुंतलेली संस्था परवाना देणाऱ्या हाताकडे पाहूनच बोलते. परदेशी देणग्यांवर नियंत्रण आणणारा पहिला कायदा १९७६ साली, ऐन आणीबाणीत, संमत झाला हा काही योगायोग नव्हे. ‘आम्ही राजकारणात नाही’ या वाक्याचा व्यावहारिक अर्थ ‘आम्ही मालमत्तेच्या बाजूने आहोत’ असाच होतो.

परंतु येथेच थांबून सर्व श्रद्धावंतांवर एकच शिक्का मारणे म्हणजे धर्माधिकाऱ्यांचाच दावा मान्य करणे होय. बंगळूरच्या ख्रिश्चन इन्स्टिट्यूटचे दीर्घकाळ संचालक राहिलेले एम. एम. थॉमस हे १९६८ ते १९७५ या काळात जागतिक चर्च परिषदेच्या मध्यवर्ती समितीचे अध्यक्ष होते. आणीबाणीविरुद्ध ‘गार्डियन’ साप्ताहिकातून ते निर्भयपणे लिहीत राहिले. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने त्या वेळी आणीबाणीला पाठिंबा दिला होता आणि १९७८ च्या भटिंडा अधिवेशनात तो चुकीचा होता हे मान्य केले, याचाही येथे विसर पडता कामा नये. याच थॉमस यांनी तरुणपणी, १९४३ च्या सुमारास, दोन अर्ज केले होते: एक मार थोमा चर्चकडे धर्मगुरूच्या दीक्षेसाठी, दुसरा कम्युनिस्ट पक्षाकडे सभासदत्वासाठी. चर्चने मार्क्सवादाच्या संशयावरून आणि पक्षाने श्रद्धेच्या कारणावरून, असे दोघांनीही त्यांना नाकारले.

चर्चचा नकार समजण्याजोगा होता. पक्षाचा नकार मात्र मार्क्सवादाच्या कसोटीला उतरत नाही. एंगल्सने १८९४ साली आरंभीच्या ख्रिस्ती समुदायांची तुलना कामगार चळवळीशी केली होती. लेनिनने १९०५ च्या ‘समाजवाद आणि धर्म’ या लेखात धर्माविरुद्ध वैचारिक लढा चालू ठेवण्याचा आग्रह धरला. तरीही श्रद्धावंत कामगाराला पक्षाचे दार बंद करू नये, असेच प्रतिपादन केले. माणूस काय मानतो याइतकाच तो कोणाच्या बाजूने लढतो हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

१९८१ साली युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात महाराष्ट्राच्या अरविंद निर्मल यांनी केलेल्या भाषणातून दलित थिऑलॉजीचा प्रवाह सुरू झाला. ख्रिस्ती विचार उच्चवर्णीय धर्मांतरितांच्या प्रश्नांभोवती घुटमळत राहिला, अशी त्यांची तक्रार होती. एकीकडे १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींपासून वंचित राहिले, दुसरीकडे चर्चमध्येही जातीने त्यांची पाठ सोडली नाही. स्टॅन स्वामी यांनी १९७५ नंतर सुमारे दहा वर्षे इंडियन सोशल इन्स्टिट्यूटची धुरा सांभाळली आणि पुढे झारखंडच्या आदिवासींच्या जमिनीच्या लढ्याला वाहून घेतले. भीमा कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली. कंपवाताने हात थरथरणाऱ्या या वृद्धाला पाणी पिण्याच्या नळीसाठीही न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, कोठडीतच असताना मुंबईच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्या सुटकेची मागणी बिशपांच्या परिषदेलाही करावी लागली, हे खालून येणाऱ्या दबावाचे सामर्थ्य आहे.

कर्नाटकात २०२२ साली धर्मांतरविरोधी कायदा आला. त्याने निर्दोषत्व सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकला आणि दलित, आदिवासी व स्त्रिया यांच्या धर्मांतराबाबत दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. या कायद्याने संरक्षणाच्या नावाखाली दलिताला आणि स्त्रीला अज्ञान बालकाच्या पंक्तीला बसवले. असल्या कायद्यांना विरोध करणे म्हणजे चर्चची वकिली नव्हे. कष्टकऱ्यांच्या विवेकस्वातंत्र्याचे ते रक्षण आहे.

म्हणून कार्यकर्त्यांपुढचे कार्य दुहेरी आहे. धर्माधिकाऱ्यांचे मालमत्तेशी आणि सत्तेशी असलेले साटेलोटे निर्भीडपणे उघडे पाडावे. आणि प्रार्थनेला जाणारा सफाई कामगार, परिचारिका, मळ्यातील मजूर यांना संघटनेत सन्मानाने स्थान द्यावे. १९४३ साली जे दार लोटले गेले, ते पुन्हा कोणाच्या तोंडावर बंद होऊ नये.