भिंतीवरची अमानत

चित्र विकले, पैसे मिळाले, व्यवहार संपला, असे आपण समजतो. पण तोच चित्रकार काही वर्षांनी घेणाऱ्याच्या घरी पाहुणा म्हणून जातो आणि समोरच्या भिंतीवर आपले चित्र पाहतो, तेव्हा त्याच्या मनात काय येत असेल? लेक सासरी सुखात आहे ना, हे पाहायला गेलेल्या बापासारखी त्याची नजर असते, असे आम्हांला वाटते. उजेड पुरेसा आहे का, ओल तर लागत नाही ना, आणि घरातले कुणी चित्राकडे पाहते तरी का?

आपल्या पंढरपुरात १९१५ साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांचेच उदाहरण घ्या. मुंबईत आले तेव्हा पोटासाठी ते सिनेमाचे फलक रंगवत. १९४७ साली सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे यांच्याबरोबर ते नव्या चित्रकारांच्या गटात उभे राहिले, तेव्हा त्यांची चित्रे घेणारे फार थोडे होते. त्या थोड्यांत इमॅन्युएल श्लेझिंगर नावाचे एक गृहस्थ होते. नाझींच्या छळामुळे व्हिएन्ना सोडून मुंबईत आलेले ज्यू. ज्याचे स्वतःचे घर सुटले, त्याने नव्या घराच्या भिंती या अनोळखी तरुणांच्या चित्रांनी सजवल्या. उमेदवारीच्या काळात अशी एक भिंत मिळणे म्हणजे काय, हे कलावंतालाच ठाऊक.

पण दिवाणखान्यालाही मर्यादा असते. टाटा-बिर्लांच्या दिवाणखान्यांतून बाहेर पड, लोकांसाठी काढ, असे राममनोहर लोहियांनी हुसेनना सुचवले आणि रामायणाचा विषय दिला. मग हैदराबादच्या बद्रीविशाल पित्तींच्या आश्रयाने हुसेननी वाल्मीकी आणि तुलसीदास दोन्ही वाचून काही वर्षांत सुमारे दीडशे चित्रे केली. त्यांच्या सांगण्यानुसार त्यांनी यासाठी एक पैसाही घेतला नाही आणि त्यांतली चित्रे बैलगाडीतून खेड्यात नेऊन लोकांना दाखवली. याच कलावंताला २००६ पासून देशाबाहेर राहावे लागले. २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला. त्यांची कितीतरी चित्रे इथल्या घरांच्या भिंतींवर राहिली. ती पाहायला येणे मात्र त्यांच्या नशिबी उरले नाही.

चित्र विकल्यावर कलावंताचा काहीच हक्क उरत नाही का? उरतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा लेखी करार नसेल तर चित्र विकत घेतल्याने ते कॅलेंडरवर किंवा पुस्तकावर छापण्याचा अधिकार सहसा मिळत नाही. कलम ५७ तर आणखी पुढे जाते. ही कृती माझी आहे असे सांगण्याचा, आणि तिची मोडतोड होऊन नावाला बट्टा लागत असेल तर दाद मागण्याचा हक्क विक्रीनंतरही कलावंताकडेच राहतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातले काशाचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले गेले. ते कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पाचे अवशेष त्यांना परत द्यायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितले.

मात्र तुम्ही माझे चित्र भिंतीवर लावाच, असे कलावंत कायद्याने म्हणू शकत नाही. तिथे कायदा थांबतो आणि आपली कद्रदानी सुरू होते.

तुम्ही म्हणाल, आम्ही कुठले संग्राहक? आपल्यातल्या कित्येक घरांत सजीवांची चित्रे लावत नाहीत, हेही खरे. पण खत्तातीची एखादी चौकट, तुग्रा, खालाजानने विणलेला पडदा किंवा शेजारच्या मुलीने काढलेले बेलबुट्टीचे चित्र तर असतेच ना? हाताने लिहिणारे कातिब संगणक आल्यापासून कमी झाले. जे आहेत ते आपले नाव कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहितात, आणि फ्रेमवाला नेमके तेच पट्टीखाली झाकून टाकतो. आपणही काही बोलत नाही.

म्हणून वाचक भगिनी-बंधूंनो, एवढे करा. फ्रेम करताना नाव दिसेल असे सांगा. नाव नसेल तर मागच्या बाजूला करणाऱ्याचे नाव आणि साल लिहून ठेवा. ओलीची भिंत आणि थेट ऊन टाळा. छापायचे असेल तर आधी विचारा. आणि जमले तर त्या कलावंताला एकदा जेवायला बोलवा, मुलांना त्याच्या शेजारी बसवा आणि सांगा, हे यांच्या हातचे. पैसे देऊन वस्तू आपली होते. तिच्यातली मेहनत मात्र आपल्याकडे अमानत असते, आणि अमानत कशी सांभाळायची हे आपल्या घरांना नव्याने शिकवायला नको.