पाहिले ते सांगा, वाटले ते नको

सत्तर-ऐंशी वर्षांची आई किंवा आजी घरातून बाहेर पडते आणि परत येत नाही, तेव्हा तिचा फोटो, नेसलेल्या साडीचा रंग आणि घरच्यांचा फोन नंबर काही मिनिटांत शेकडो व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचतो. ही सोय मोठी आहे. पण त्याच फोटोखाली लगेच दुसरा मजकूर साचू लागतो. सुनेने छळले असणार, घर कोणाच्या नावावर होते ते बघा, मुलगा कॅमेऱ्यासमोर रडला कसा नाही, सांभाळायला ठेवलेली बाई कुठली होती? असे लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती आजी पाहिलेली नसते, ते घरही पाहिलेले नसते. तरी लिहिणाऱ्याला वाटते, आपण काळजीपोटी बोलतो आहोत. माझे म्हणणे स्पष्ट आहे. हरवलेल्या माणसाविषयी चारचौघांत लढवलेले तर्क शोधाला मदत करत नाहीत. ते शोधाचा वेळ खातात आणि ज्यांचे माणूस हरवले आहे त्यांच्यावरच आळ आणतात.

अमेरिकेतल्या मेन राज्यातली एक घटना पाहा. जुलै २०१३मध्ये ॲपलाचियन ट्रेल या लांब पल्ल्याच्या पायवाटेवर चालणारी ६६ वर्षांची निवृत्त परिचारिका ठरल्या ठिकाणी पोचली नाही. तिचे पती तिथे वाट पाहत होते. मोठी शोधमोहीम झाली, पण काहीच हाती लागले नाही. मग घातपाताच्या कहाण्या सुरू झाल्या. नौदलाचे एक प्रशिक्षण केंद्र त्याच परिसरात होते, त्यामुळे काहींनी त्याचाही संबंध जोडला. ऑक्टोबर २०१५मध्ये तिचा तंबू, अवशेष आणि तिने लिहिलेली वही सापडली, तेव्हा खरे काय ते कळले. ती नैसर्गिक विधीसाठी पायवाट सोडून आत गेली होती आणि तिला परतीची वाट सापडली नव्हती. पतीला पाठवलेले संदेश रेंज नसल्यामुळे पोचलेच नव्हते. वहीतल्या नोंदींवरून ती त्यानंतर किमान २६ दिवस जिवंत होती असे दिसते. माझा देह सापडेल तेव्हा पतीला आणि मुलीला कळवा, मग कितीही वर्षे गेलेली असोत, अशी विनंती तिने लिहून ठेवली होती. खरे कारण इतके साधे होते की कहाणी रचणाऱ्याला ते पटले नसते. चुकलेल्या वळणात गोष्ट नसते. गुन्हेगार असला की गोष्ट रंगते, म्हणून तर्क नेहमी त्याच्याच शोधात निघतो.

तर्क नुसता चुकला असता तर एक वेळ चालले असते, पण तो शोधाच्या आडही येतो. इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात २७ जानेवारी २०२३ रोजी कुत्र्याला फिरवायला नदीकाठी गेलेली ४५ वर्षांची एक महिला नाहीशी झाली. बाकावर तिचा फोन सापडला. ऑफिसची मीटिंग त्यावर तशीच चालू होती. ती नदीत पडली असावी, हा पोलिसांचा अंदाज होता. पण व्हिडिओ करणारे हौशी तपासनीस दूरदूरहून त्या छोट्या गावात उतरले. कोणी जंगलात खोदले, कोणी एका ओसाड घरात शिरले, अनेकांनी तिच्या जोडीदारावर आणि मैत्रिणीवर संशय घेतला. शेवटी पोलिसांना या मंडळींना गावातून हटवावे लागले. १९ फेब्रुवारीला तिचा मृतदेह त्याच नदीत सापडला आणि चौकशीत हा अपघाती बुडून झालेला मृत्यू ठरला. अमेरिकेतला एक भारतीय वंशाचा विद्यार्थी मार्च २०१३मध्ये बेपत्ता झाला, तेव्हा तर याहून वाईट घडले. एप्रिलमध्ये बोस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले आणि इंटरनेटवरच्या जमावाने संशयिताच्या फोटोत तोच असल्याचे ठरवून टाकले. शोधासाठी कुटुंबाने उघडलेल्या पानावर शिव्यांचा इतका भडिमार झाला की ते पान काही काळ बंद करावे लागले. हरवलेला मुलगा शोधण्याचे साधनच अशा रीतीने कुटुंबाच्या हातून गेले. काही दिवसांनी मृतदेह सापडला. स्फोटांच्या आधीच तो मुलगा गेलेला होता.

वृद्धांच्या बाबतीत हा वेळेचा प्रश्न आणखी कठोर होतो. भारतात साठीपुढच्या लोकांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के असल्याचे, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असल्याचे २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. ही माणसे कोणावर रागावून घर सोडत नाहीत. त्यांच्या मनात जुने घर, माहेर, कधीच बंद पडलेली नोकरी जागी होते आणि ती चालू लागतात. शोधपथकांचा अनुभव असा, की ती अडथळा येईपर्यंत चालत राहतात, मग झुडपात, ओढ्यात किंवा भिंतीच्या आडोशाला अडकून बसतात आणि नावाने हाक मारली तरी ओ देत नाहीत. ऊन, तहान आणि चुकलेली औषधे यांमुळे हातात काही तासच असतात. अशा वेळी शेजाऱ्याने आपल्या गच्चीवर, जिन्याखाली, बंद गाळ्यामागे पाहणे आणि दुकानदाराने कॅमेऱ्याचे चित्रण पुसले जाण्याआधी तपासणे अत्यंत मोलाचे असते. सूनबाईंच्या स्वभावावर पन्नास जणांनी चर्चा केली म्हणून ही पन्नास ठिकाणे तपासली जात नाहीत. शिवाय घरच्यांचा फोन आरोप आणि उपदेश करणाऱ्यांनी अडवून ठेवला, तर खरोखर आजी दिसलेल्या माणसाचा फोन लागतच नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा, की वृद्धांचा छळ काही काल्पनिक नाही. घरासाठी, जमिनीसाठी आईवडिलांना हाकलून देणारी मुले आहेत. म्हणून तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात वृद्धांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद करावी लागली. हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच घरच्यांची चौकशी झालीच पाहिजे. पण ती चौकशी करणाऱ्याकडे जबाब घेण्याचा, फोनच्या नोंदी मागवण्याचा अधिकार असतो आणि चुकल्यास न्यायालयात उत्तर देण्याची जबाबदारीही असते. शेजारच्या घरातून रात्री भांडणाचा आवाज आला असेल, तर ती माहिती आहे. ती पोलिसांना सांगणे हे कर्तव्य आहे. तीच गोष्ट ग्रुपवर टाकली, तर दोषी माणूस सावध होतो आणि निर्दोष माणूस आयुष्यभर डाग घेऊन जगतो. आणि संशय जमावाच्या हाती गेला की काय होते, हे महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षुकी करणाऱ्या नाथपंथी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुलांची काळजी हेच तिथेही कारण होते.

दुसरा आक्षेप पोलिसांविषयीचा. गाजावाजा झाल्याशिवाय यंत्रणा हलत नाही, असे अनेकांना वाटते आणि त्यामागे अनुभव आहे. मूल हरवले तर गुन्हा नोंदवावाच लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये सांगितले. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत मात्र संशयास्पद काही दिसेपर्यंत केवळ ‘मिसिंग’ची नोंद होते आणि पुष्कळदा ती नोंद तशीच पडून राहते. चोवीस तास थांबा, असे कायदा कुठेही सांगत नाही. तरी तसे सांगितले जाते. यासाठी दबाव जरूर आणावा. कॅमेरे तपासले का, बसस्थानक आणि रुग्णालयांना कळवले का, हे जाहीरपणे विचारावे. तो प्रश्न यंत्रणेला आहे. कुटुंबावर केलेल्या तर्काने यंत्रणा हलत नाही, तिला उलट सबब मिळते. पोलिसांनीही लँकेशायरमधून धडा घ्यायला हवा. त्या प्रकरणाच्या स्वतंत्र परीक्षणात पोलिसांनी वेळेवर माहिती न दिल्यामुळे अफवांना मोकळे रान मिळाले आणि त्या महिलेच्या आरोग्याविषयीचा खासगी तपशील उघड करणे टाळता येण्याजोगे होते, असे नमूद झाले. वृद्ध व्यक्ती बेपत्ता असेल तर रोज ठरल्या वेळी थोडक्यात, पण खरी माहिती दिली पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. याच इंटरनेटने किती माणसे घरी पोचवली! हे खरे आहे. अमरावती-नागपूरकडची एक मराठी बाई सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मध्य प्रदेशात दमोहजवळ रस्त्यावर सापडली. एका ट्रकचालकाने तिला घरी नेले आणि ती त्या मुस्लीम कुटुंबाचीच मावशी झाली. तिची बोली त्यांना कळत नव्हती. २०२०च्या टाळेबंदीत तिच्या तोंडून परसापूर हे नाव आले. त्या घरातल्या मुलाने ते गाव नेटवर शोधले, तिथल्या दुकानदाराला फोन केला, व्हिडिओ पाठवला आणि जून महिन्यात नव्वदी ओलांडलेल्या आजीला तिचा नातू नागपूरला घेऊन गेला. मुंबईची एक महिला २००२मध्ये दुबईतल्या नोकरीच्या आमिषाने फसून पाकिस्तानात पोचली होती. २०२२मध्ये तिथल्या एकाने केलेल्या व्हिडिओमुळे तिची मुलगी सापडली आणि डिसेंबर २०२४मध्ये ती मायदेशी परतली. या दोन्ही वेळा काय पुढे गेले ते पाहा. चेहरा, आवाज, गावाचे नाव. कोणाचा दोष, हे कोणी ठरवत बसले नाही. आपल्या यात्रांमध्ये चुकामूक झाली की भोंग्यावरून नाव, गाव, लुगड्याचा रंग आणि कुठे येऊन थांबायचे एवढेच पुकारतात. म्हातारी का चुकली, यावर भोंग्यावरून मत मांडले जात नाही. माणसे सापडतात ती त्या पुकाऱ्यामुळे.

म्हणून वाचकांना विनंती आहे. बेपत्ता आजीचा फोटो तुमच्यापर्यंत आला, तर आधी तारीख पाहा आणि दिलेल्या नंबरवर खात्री करा. मग तो तिच्या परिसरातल्या, तिच्या जुन्या गावातल्या लोकांना पाठवा. काही दिसले असेल तर ११२ वर किंवा ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या क्रमांकावर कळवा. संशय असेल तर पोलीस ठाण्यात जाऊन नावानिशी सांगा. आजी सापडली की पोस्ट काढून टाका आणि ज्यांना पाठवली त्यांनाही सापडल्याचे कळवा. आणि यातले काहीच करण्याजोगे नसेल, तर काही लिहू नका. तुमच्या न लिहिण्याने त्या घराचे नुकसान होणार नाही. तुमच्या तर्काने मात्र नक्की होईल.