परक्या गजाचें माप

मुंबईच्या उपनगरांतून हल्लीं एक नवें शिक्षणशास्त्र रूढ झालें आहे. मुलास उत्तम इंग्रजी यावें अशी इच्छा असेल तर त्याच्याशीं घरीं मराठी बोलूं नये, हें त्या शास्त्राचें पहिलें सूत्र; आणि मराठी ही मातृभाषाच असल्यामुळें तिचें व्याकरण शिकविण्याचें कारण नाहीं, ती आपोआप येते, हें दुसरें. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कोठेंही जा. स्टेशनाबाहेर पडतांच इंग्रजी संभाषणाच्या वर्गांच्या पाट्या सामोऱ्या येतात, आणि पालकसभांतून "घरींही इंग्रजीच बोलत जा" असा उपदेश सुशिक्षित आईबापांस मिळतो. आईबाप मान डोलावतात. ज्या भाषेंत ते हसतात, रागावतात, भाजीचा भाव करतात व आजाऱ्याची विचारपूस करतात ती भाषा ते मुलासमोर मिटून ठेवतात, आणि कचेरींत कामापुरती शिकलेली दुसरी भाषा त्याला घांसाघांसानें भरवितात.

आमच्या मतें हीं दोन्ही सूत्रें खोटीं आहेत, आणि दोहोंच्या मुळाशीं एकच भ्रम आहे. तो असा कीं, व्याकरण म्हणून जें कांहीं आहे तें इंग्रजीचें. इतर भाषांनीं त्या गजाखालीं उभें राहून आपली उंची सांगावी. इंग्रजीशीं आमचें वैर नाहीं. वैर आहे तें या गजाशीं.

शब्दक्रमाचीच गोष्ट घ्या. इंग्रजी वाक्य सरळ व मराठी वाक्य उलटें, असें मुलांस सर्रास सांगतात. उलटें कोणाच्या मानानें? भाषाशास्त्रज्ञांनीं जगांतील सुमारें १,४०० भाषांच्या वाक्यरचनेची जी तुलना केली आहे तींत कर्ता, कर्म, क्रियापद हा मराठीचाच क्रम सर्वांत अधिक भाषांचा ठरला. इंग्रजीच्या क्रमाचा नंबर त्यानंतरचा. जपानी, कोरियन, तुर्की, तमिळ या सर्व भाषा क्रियापद शेवटीं ठेवतात. खुद्द जर्मन भाषा गौण वाक्यांत तेंच करते, आणि हजार वर्षांपूर्वींचें इंग्रजीही पुष्कळदां तेंच करीत असे. जोसेफ ग्रीनबर्ग यांनीं १९६३ सालीं ३० भाषा तपासून दाखविलें कीं, जेथें क्रियापद शेवटीं येतें तेथें 'वर', 'खालीं', 'साठीं' हे शब्दही बहुधा नामाच्या मागूनच येतात. 'टेबलावर' म्हणणारी भाषा 'पुस्तक ठेवलें' असेंच म्हणणार. म्हणजे ज्यास आपण उलटेंपणा समजतों ती एक सुसंगत रचना आहे. ती ओळखलेल्या मुलास इंग्रजीची रचना एका दमांत समजावून देतां येते. न ओळखलेल्यास प्रत्येक वाक्य निराळें पाठ करावें लागतें.

परंतु या परक्या गजानें सर्वांत मोठी हानि केली आहे ती प्रयोगप्रकरणांत. आमचा कर्मणि प्रयोग म्हणजेच इंग्रजीचा पॅसिव्ह व्हॉइस, असें समीकरण वर्गावर्गांतून शिकवितात. 'रामानें आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळें खाल्लें' या तीन वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणें बदलतें, म्हणून हा कर्मणि प्रयोग. आतां या वाक्याचें इंग्रजी कोणी पॅसिव्हमध्यें करील काय? मराठी बोलणारास भूतकाळांत आंबा खाल्ल्याचें सांगण्यास याहून साधी वाटच नाहीं. ही रचना संस्कृतांतील 'रामेण फलं खादितम्' अशा कर्मप्रधान रचनेंतून आली हें खरें. पण वंश एक म्हणून स्वभाव एक, असें होत नाहीं. याची एक सोपी कसोटी आहे. 'घरीं येऊन रामानें पुस्तक वाचलें' हें वाक्य मराठींत निर्दोष आहे. घरीं आला तो राम, याविषयीं कोणास शंका येत नाहीं. हेंच वाक्य इंग्रजींत पॅसिव्हनें रचून पहा: तेथें पुस्तकच घरीं आल्यासारखें होतें, व इंग्रजीचे शिक्षक त्यावर लाल रेघ ओढतात. 'रामानें आपलें पुस्तक वाचलें' यांतही 'आपलें' तें रामाचेंच. क्रियापद कर्माशीं जुळतें, आणि वाक्याचा धनी मात्र रामच राहतो. ही सोय इंग्रजींत नाहीं, म्हणून तिला इंग्रजी नांवही नाहीं.

हें समीकरण पाठ केलेला मुलगा पुढें मराठी लिहूं लागला म्हणजे काय होतें तें रोज दिसत आहे. 'शिक्षकांनीं मुलांस खाऊ वांटला' हें त्याला बाळबोध वाटतें, आणि 'शिक्षकांद्वारे मुलांना खाऊचे वाटप केले गेले' हें भारदस्त वाटतें. मराठींत 'जाणें' लावून होणाऱ्या रचनेला तिची जागा आहे. कर्ता ठाऊक नसेल किंवा सांगावयाचा नसेल तेव्हां 'तो लढाईंत मारला गेला' असें आपण म्हणतोंच. पण कर्ता समोर उभा असतांना त्याच्या गळ्यांत 'द्वारे' अडकवून त्याला वाक्याच्या दाराशीं बसविणें ही आमच्या भाषेची रीत नव्हे. आणि ही केवळ सौंदर्याची बाब नाहीं. उपनगरांतील नागरिकाला येणाऱ्या सूचना पहा: पाणी बंद ठेवण्यांत येईल, रस्ता खोदण्यांत येत आहे, गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यांत येते. बंद कोण ठेवणार, खोदणारा कोण, दिलगीर कोण? कर्ता कोठेंच नाहीं. ज्या पिढीला कर्ता असलेलें वाक्यच कमी प्रतीचें वाटूं लागेल ती पिढी अशा सूचना वाचून 'पण हें केलें कोणीं?' असा प्रश्न विचारण्याचेंही विसरून जाईल.

दुसरें उदाहरण आमच्या लेखणीच्या टोंकाशींच आहे. हा लेख लिहितांना 'आम्ही' म्हणावें कीं 'आपण', याचा विचार आम्हांस पदोपदीं करावा लागतो. 'आम्ही' म्हटलें तर वाचक बाहेर राहतो, 'आपण' म्हटलें तर तो आंत येतो. इंग्रजीला दोहोंसाठीं एकच शब्द, हिंदीचेंही 'हम' एकच. घाटकोपर व मुलुंड येथील ज्या गुजराती शेजाऱ्यांशीं आमचा रोजचा घरोबा आहे त्यांच्या भाषेंत मात्र 'अमे' आणि 'आपणे' हा भेद आमच्यासारखाच शाबूत आहे, आणि तेलुगूसारख्या द्राविडी भाषांतही तो आहे. 'आम्ही सिनेमाला जाणार' आणि 'आपण सिनेमाला जाणार' यांतला फरक पांच वर्षांच्या मुलास तत्काळ कळतो, कारण एकांत तो घरीं राहतो व दुसऱ्यांत त्याला तिकीट मिळतें! इतकी सूक्ष्म गोष्ट ज्या भाषेंत चिमुरडें पोर लीलेनें हाताळतें तिला व्याकरण नाहीं असें म्हणणाऱ्यानें व्याकरण कशास म्हणतात हेंच जाणलेलें नाहीं.

हीच गत आदराची. 'आजोबा आले' यांतील आदर क्रियापदाच्या अनेकवचनांत आहे. इंग्रजी साच्यांतून मराठीकडे येणारें मूल 'आजोबा आला' म्हणतें, 'मला भूक लागली' ऐवजीं 'मी भुकेला आहे' म्हणतें, आणि 'मी येणार का, असें त्यानें विचारलें' हें सरळ वाक्य सोडून 'त्यानें विचारलं जर मी येणार आहे' असा घोळ घालतें. आईबाप कौतुकानें हसतात. गांवाहून आलेली आजी हसत नाहीं. दोन दिवस ती नातवाशीं बोलण्याचा प्रयत्न करते, तिसऱ्या दिवशीं टीव्ही लावून बसते. या शिक्षणशास्त्राची किंमत कोण भरतें, हें ज्यांस पहावयाचें असेल त्यांनीं त्या खोलींत पहावें.

हा गज आला कोठून, हेंही सांगितलें पाहिजे. विल्यम केरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास छापलें गेलें. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ सालीं निघालें. दादोबांचे उपकार मोठे, पण त्यांच्यापुढचा सांचा इंग्रजी व्याकरणांचा होता. शब्दांच्या ज्या आठ जाती आज प्रत्येक विद्यार्थी घोकतो त्या याच मार्गानें आल्या. आमच्या यास्कांनीं निरुक्तांत चारच पदजाती मानल्या आहेत. दादोबांच्या हयातींतच कृष्णशास्त्री चिपळूणकरांनीं त्यांच्या व्याकरणाची चिकित्सा केली, मोरो केशव दामल्यांनीं १९११ सालीं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून सारा प्रपंच पुन्हां तपासला, आणि अरविंद मंगरूळकरांनीं आपल्या पुस्तकास 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' हेंच नांव दिलें. आमचे विद्वान् दीडशें वर्षें गज तपासून पाहत आले. आमचे वर्ग मात्र जुनाच गज धरून बसले आहेत.

गंमत अशी कीं, इंग्रजीवरही एकदां हाच प्रसंग आला होता. रॉबर्ट लाउथ यांचें १७६२ चें आणि लिंडले मरे यांचें १७९५ चें व्याकरण हीं दोन्ही लॅटिनचा आदर्श डोळ्यांपुढें ठेवून लिहिलेलीं. पुढें याच वळणावर, लॅटिन धातुरूप एकाच शब्दाचें असतें म्हणून इंग्रजींतील दोन शब्दांचें धातुरूपही फोडूं नये, असे नियम मुलांच्या माथीं बसले. ते ओझें उतरविण्यास दीडशें वर्षें लागलीं. आणि इंग्रजीला इंग्रजीच्याच मापानें मोजणारें सात भागांचें मोठें व्याकरण १९०९ ते १९४९ या काळांत सिद्ध केलें तें ओटो येस्पर्सन या डेन्मार्कच्या पंडितानें. जें माप इंग्रजांनीं अंगावरून काढून टाकलें त्याचेंच उतरलेलें वस्त्र आम्ही अजून मिरवावें काय?

कोणी म्हणेल, भाषा देवघेवीनेंच वाढते; तुमचें हें सोंवळें कशास? आक्षेप योग्य आहे, पण तो आम्हांस लागू नाहीं. मराठीतील 'कीं' हें अव्यय फारशीच्या सहवासानें आलें, पूर्णविराम व स्वल्पविराम इंग्रजीमुळें आले, आणि १८७४ सालीं 'निबंधमाला' काढणाऱ्या विष्णुशास्त्र्यांनीं इंग्रजी निबंधकारांचें ऋण घेऊनच मराठी गद्य सजविलें. हा लेखही त्या ऋणांतून मुक्त नाहीं. परंतु विष्णुशास्त्र्यांच्या घरांत मराठी व संस्कृत भरलेलें होतें. ते इंग्रजीच्या बाजारांत गेले ते खिशांत पैसे घेऊन, आणि हवें तें निवडून आणलें. आपल्या मुलांस आपण रिकाम्या खिशानें पाठवितों, आणि तीं जें आणतात त्याला देवघेव म्हणतों.

दुसरा आक्षेप पोटाचा. इंग्रजीवांचून नोकरी नाहीं, हें आम्ही अक्षरशः मान्य करतों. म्हणूनच आमचा आग्रह आहे कीं इंग्रजी नीट शिकवावें. ज्या पिढ्या तर्खडकरी भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या त्या मराठी वाक्य समोर ठेवून इंग्रजी वाक्य बांधावयास शिकल्या. त्यांचा उच्चार कदाचित् जड असेल, पण वाक्य मोडकें नव्हतें. इंग्रजींत 'ए' आणि 'द' कोठें घालावें हें मराठी मुलास कठीण जातें, कारण मराठींत तसे शब्द नाहींत. ही अडचण नांव घेऊन सांगितली तर सुटते. 'इंग्रजींतच विचार करा' असें बजावल्यानें ती जिथल्या तिथें राहते.

कायद्याच्या बाजूनें आज तक्रारीस फारशी जागा नाहीं. २०२० सालच्या अधिनियमानें महाराष्ट्रांतील सर्व माध्यमांच्या शाळांत पहिली ते दहावीपर्यंत मराठी अनिवार्य केली, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें तिला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पण अनिवार्य तासांत जर समानार्थी शब्दांच्या याद्याच घोकावयाच्या असतील, तर तो तास मुलाच्या दृष्टीनें शिक्षा होऊन बसेल. आमची मागणी थोडकी आहे. इंग्रजीच्या व मराठीच्या शिक्षकांनीं वर्षांतून निदान कांहीं तास एका फळ्यापुढें उभे राहून पॅसिव्ह आणि कर्मणि प्रयोग शेजारीं शेजारीं लिहावे, आणि ते कोठें जुळतात व कोठें जुळत नाहींत तें मुलांकडूनच काढून घ्यावें. तसेंच, घरीं आईबापांनीं मुलाशीं मराठीचें पुरें वाक्य बोलावें. कर्त्यापासून क्रियापदापर्यंत, मध्यें इंग्रजीची ठिगळें न लावतां. या दुसऱ्या कामास ना शुल्क लागतें, ना प्रवेशपरीक्षा.

उपनगरांतील सुशिक्षित कुटुंबांवर या बाबतींत विशेष जबाबदारी आहे, कारण त्यांचें पाहूनच पलीकडच्या चाळींतला कामकरी बाप आपल्या मुलाची शाळा निवडतो व आपल्या घरची भाषा बदलतो. तुमच्या मुलाचें दोन भाषांवांचून कदाचित् निभेल. त्याच्यापाशीं पुस्तकें आहेत, शिकवण्या आहेत. त्या मुलापाशीं घरच्या एका पुऱ्या वाक्यावांचून दुसरें भांडवल नाहीं. तें त्याच्या हातून काढून घेण्याचा उपदेश निदान आपण तरी करूं नये. येथें आम्ही 'आपण' म्हटलें आहे तें जाणूनबुजून.