श्वास कोणाचा मोजावयाचा?

लंडनचा डॉक्टर जॉन हचिन्सन याने 1846 साली फुफ्फुसात मावणारी हवा मोजण्याचे यंत्र वैद्यकविश्वापुढे मांडले, तेव्हा विमा कंपन्यांचा हिशेब त्याच्या नजरेआड नव्हता. कोण किती जगेल याचा अंदाज आला म्हणजे हप्ता ठरविणे सोपे! श्वास मोजण्याचे शास्त्र तेव्हापासून पुष्कळ पुढे गेले. कोणाचा श्वास मोजावयाचा हे मात्र अजूनही पैसाच ठरवितो. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगाने ग्रासलेली बालके याची साक्ष आहेत.

या रोगात शरीरातील स्राव घट्ट व चिकट होतात. फुफ्फुसातील बारीक श्वासनलिका कफाने चोंदतात, जंतू ठाण मांडतात आणि एकदा झालेली हानी भरून येत नाही. तिचा प्रारंभ शैशवातच होतो. रुग्णालयातील नेहमीची चाचणी म्हणजे स्पायरोमेट्री. खोल श्वास घेऊन सर्व शक्तीनिशी फुंकण्याची ही कसरत तीन वर्षांच्या मुलाला सहसा साधत नाही. पुढे साधली तरी आकडा कित्येकदा ‘ठीक’ येतो. कारण तो मुख्यत्वे मोठ्या नलिकांची अवस्था सांगतो. बारीक नलिकांतील नासाडी त्याच्या आड दडून राहते.

शास्त्राने यावर तोड काढली आहे. मुलाने मुखवट्यातून शांतपणे शुद्ध प्राणवायू घ्यावयाचा. फुफ्फुसातील नायट्रोजन चाळीसाव्या हिश्श्यावर येईपर्यंत तेथील हवा किती वेळा पालटावी लागली, हे यंत्राने मोजावयाचे. निरोगी फुफ्फुसाला साधारण सात पालट पुरतात, चोंदलेल्याला अधिक लागतात. ‘लंग क्लिअरन्स इंडेक्स’ नावाचा हा निर्देशांक कित्येकदा स्पायरोमेट्रीच्या आधी धोक्याची सूचना देतो.

औषध कंपनीने या निर्देशांकाचे मोल बरोबर ओळखले. तीन द्रव्यांचे नवे औषध दोन ते पाच वर्षांच्या 75 मुलांना 24 आठवडे देऊन जी चाचणी झाली, तिच्या मोजमापांत हा निर्देशांक होता. 2023 साली अमेरिकेत या वयोगटासाठी औषधास मान्यता मिळाली. 2019 साली हेच औषध तेथील बाजारात आले, तेव्हा त्याची जाहीर किंमत वर्षाला सुमारे 3,11,000 डॉलर होती. 2022 साली संशोधकांनी काढलेला उत्पादनखर्च सहा हजार डॉलरांच्या आत! म्हणजे मालाची पारख करावयाची असेल तेव्हा बालकाचा श्वास मोलाचा; माल गरजूंना पोहोचवावयाचा असेल तेव्हा तोच श्वास कवडीमोल.

यावर ‘व्यवहारी’ मंडळींचा आक्षेप ठरलेला आहे: क्षय आणि कुपोषण यांनी पोखरलेल्या भारतात या विरळ रोगाचे लाड कशासाठी? पण या रोगाची कित्येक बालके क्षय व कुपोषण याच सदरांत जमा होतात, याचा या मंडळींना विसर पडतो. वारंवार न्यूमोनिया आणि खुंटलेली वाढ दिसली की निदान तेथेच थांबते. घामातील क्षाराची साधी चाचणीही बहुतेक जिल्हा रुग्णालयांच्या आवाक्यात नसते. नोंद नाही म्हणून संख्या नाही, संख्या नाही म्हणून तरतूद नाही, आणि तरतूद नाही म्हणून पुन्हा नोंद नाही! या दुष्टचक्राला विरळपणा म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. शिवाय एका गरीब रुग्णाला दुसऱ्याचा प्रतिस्पर्धी म्हणून उभे करणे ही भांडवलदारांची जुनीच चाल आहे.

ज्या रोगाचे गिऱ्हाईक थोडे, त्याचे यंत्र बाजार आपणहून खेड्यापाड्यांच्या जवळ आणणार नाही. म्हणून ते काम शासनाचेच. प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात घामाची चाचणी, आणि विभागवार एका तरी केंद्रात बालकांचा श्वास मोजणारे यंत्र व प्रशिक्षित तंत्रज्ञ, ही मागणी अवास्तव नाही. आणि औषधाचे काय? मार्च 2012 मध्ये भारताने कर्करोगावरील एका औषधासाठी सक्तीचा परवाना दिला आणि महिन्याचा सुमारे 2,80,000 रुपयांचा खर्च 8,880 रुपयांवर आला. तो कायदा आजही पुस्तकात आहे. तो उघडण्याचे धैर्य दिल्लीपाशी नाही.

ते धैर्य जनमताच्या रेट्याखेरीज येत नसते. तो रेटा उभा करणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे. ज्या बालकाला फुंकरही मारता येत नाही, त्याच्या वतीने आवाज उठवावयाचा नाही, तर समाजवाद कोणासाठी?