डायनामाइट परवडलं, उपसमिती नको

‘काळ हे सगळ्यावरचं औषध आहे, एवढं आता तरी मान्य करा,’ असं एका वाचकांनी या आठवड्यात कळवलं आहे. पत्र सभ्य आहे, अक्षर सुंदर आहे आणि मुद्दा साफ चुकीचा आहे.

निमित्त अमेरिकेतल्या ओमाहा शहरावरच्या माझ्या लेखाचं. त्यात मी काळ्या-गोऱ्यांना एकत्र आणू पाहणाऱ्या रेव्हरंड बिल यंगडाल या गोऱ्या ल्यूथरन पाळकाची बाजू घेतली, ती या गृहस्थांना पटलेली नाही. त्यांचं म्हणणं, यंगडालनी घाई केली. जरा दमानं घेतलं असतं तर नोकरीही राहिली असती आणि कामही झालं असतं. पुरावा म्हणून बातमीचं कात्रण जोडलंय. इव्हँजेलिकल ल्यूथरन चर्च इन अमेरिका या तिथल्या सर्वात मोठ्या ल्यूथरन चर्चनं ३० जुलै २०२५ रोजी फिनिक्सच्या अधिवेशनात येहिएल करी यांची अध्यक्षीय बिशप म्हणून निवड केली. या पदावर आलेले ते पहिले कृष्णवर्णीय. कात्रणाखाली पेननं लिहिलंय : ‘आदळआपट न करता झालंच की नाही?’

झालं खरं. किती वेळात झालं, तेवढं मोजू. जेहू जोन्स या कृष्णवर्णीय माणसाला न्यूयॉर्कमध्ये ल्यूथरन पाळकपदाची दीक्षा मिळाली ती १८३२ साली. तो चार्ल्सटनला, आपल्या गावी परतला, तर त्याला थेट तुरुंगात घातलं. गुलाम नसलेला काळा माणूस एकदा राज्याबाहेर गेला की त्यानं परत यायचं नाही, असा साउथ कॅरोलायनाचा कायदा होता. मग जोन्सनं फिलाडेल्फियात मंडळी जमवली, सेंट पॉल्स चर्च बांधलं, आणि १८३९ मध्ये ते कर्जापायी हातचं गेलं. गोऱ्या ल्यूथरन बांधवांकडून आशीर्वाद भरपूर मिळाले, पैसे मात्र पुरले नाहीत. तिथपासून फिनिक्सपर्यंत १९३ वर्षं होतात. एवढ्या वर्षांच्या औषधाचा गुण काय? प्यू रिसर्च सेंटरच्या २०१४ च्या पाहणीत या चर्चचे ९६ टक्के सभासद गोरे निघाले. हा काळ नावाचा वैद्य कुणी मला दाखवेल तर त्याची फी मी परत मागणार आहे.

पण पत्रलेखकांनी ‘घाई’ हा शब्द काढलाच आहे, तर दोन पाळकांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवू. मला या साऱ्या इतिहासात त्याहून बोलकं काही सापडलेलं नाही. दोघे गोरे, दोघे ल्यूथरन, दोघांच्या गोष्टींत अंतर दहा वर्षांचं. एकाच्या घरावर बॉम्ब पडले. दुसऱ्याशी सगळे अत्यंत चांगलं वागले. बॉम्बवाला टिकला. दुसऱ्याला राजीनामा द्यावा लागला.

रॉबर्ट ग्रेट्स १९५५ मध्ये अलाबामातल्या मॉन्टगोमेरीला ट्रिनिटी ल्यूथरन चर्चचे पाळक म्हणून आले. मंडळी सगळी काळी, पाळक तेवढे गोरे. शेजारी रोझा पार्क्स राहायच्या. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या युवा शाखेच्या बैठका त्या याच चर्चमध्ये घेत. डिसेंबरात पार्क्सबाईंना बसमध्ये अटक झाली आणि बसवर बहिष्कार सुरू झाला. ग्रेट्स यांनी रविवारच्या उपासनेत मंडळीला बहिष्कारात सामील व्हायला सांगितलं आणि स्वतःच्या गाडीतून लोकांना कामावर सोडायला सुरुवात केली. गोऱ्या शहराचं उत्तर लगेच आलं. गाडीची चाकं फाडली, पेट्रोलच्या टाकीत साखर ओतली, फोनवर धमक्या तर रोजच्याच. २५ ऑगस्ट १९५६ ला घरावर बॉम्ब टाकला. घरात कुणी नव्हतं, कारण ग्रेट्स कुटुंब पार्क्सबाईंबरोबरच टेनेसीतल्या हायलँडर फोक स्कूलला गेलं होतं. महापौर गेल यांनी शोध लावला, की हा चळवळीकडे लक्ष वेधण्यासाठी केलेला प्रसिद्धीचा खटाटोप असावा. (बॉम्ब ज्याच्या घरावर पडतो त्यानंच तो टाकलेला असतो, हे प्रशासकीय तत्त्व जगभर सारखंच दिसतं.) १० जानेवारी १९५७ ला पुन्हा स्फोट. त्याच रात्री काळ्यांच्या चर्चवरही बॉम्ब पडले. ग्रेट्स यांच्या घरापाशी आणखी एक, पहिल्याहून मोठा बॉम्ब सापडला. तो फुटला नव्हता, म्हणून घर राहिलं. आत तान्हं मूल होतं. काचांचा सडा आवरायला जे शेजारी धावून आले, त्यांत रोझा पार्क्स होत्या.

एवढं होऊनही ग्रेट्स पळाले नाहीत. १९५८ मध्ये ते ओहायोतल्या कोलंबसला गेले, ते दुसऱ्या चर्चचं बोलावणं आलं म्हणून. म्हातारपणी पुन्हा मॉन्टगोमेरीलाच राहायला आले आणि २०२० मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी तिथंच वारले.

आता ओमाहा. तपशील पुन्हा उगाळत नाही, पण पत्रलेखकांनी त्यातला मुख्य तपशीलच गाळलाय, म्हणून थोडं सांगतो. यंगडाल १९६५ मध्ये ऑगस्टाना ल्यूथरन चर्चला आले. स्वीडिश स्थलांतरितांच्या परंपरेतली मंडळी, नेब्रास्का राज्य, दक्षिणेपासून दूर. बॉम्बची परंपरा वगैरे काही नाही. यंगडाल काही अचानक उगवलेले माथेफिरू नव्हते. त्यांचे वडील ल्यूथर यंगडाल मिनेसोटाचे गव्हर्नर होते आणि राज्याच्या नॅशनल गार्डमधली वर्णभेदी विभागणी त्यांनीच १९४९ मध्ये मोडली होती. मुलानं मंडळीपुढं काय ठेवलं? काळ्यांना सभासद करून घ्या, असं नाही. काळा सहपाळक नेमा, असंही नाही. ऑगस्टानातल्या दहा जोडप्यांनी, तीही ज्यांची इच्छा असेल त्यांनीच, जवळच्या काळ्या चर्चमधल्या दहा जोडप्यांकडे जाऊन बसावं, बोलावं. बस.

याहून हळू कसं जायचं, ते मला पत्रलेखकांनी सांगावं. पाच जोडपी? अडीच?

या मंडळीचं काय झालं ते ‘अ टाइम फॉर बर्निंग’ या १९६६ च्या माहितीपटात आहे. तासाभराचा कृष्णधवल चित्रपट. बिल जर्सी आणि बार्बरा कॉनेल यांनी केलेला. त्यात कुणी शिवी देत नाही. कोट-टाय घातलेली, सुशिक्षित, चर्चला नेमानं अर्पण देणारी माणसं टेबलाभोवती बसतात आणि अडखळत बोलतात. तत्त्वाला कुणाचाच विरोध नाही. प्रश्न फक्त वेळेचा आहे. लोकांची मनं तयार नाहीत. आपल्याला स्वतःला काही नाही, पण दुसऱ्या काही सभासदांना त्रास होईल. हे दुसरे सभासद चित्रपटभर कुठं सापडत नाहीत. प्रत्येक जण दुसऱ्याच्या वतीनंच बोलतो. मध्येच एका रविवारी जवळच्या काळ्या ल्यूथरन चर्चची तरुण मुलं उपासनेला येऊन बसतात. ती फक्त बसतात. पण तेवढ्यानं कुजबुज सुरू होते.

चित्रपटातला माझा आवडता भाग मात्र चर्चमधला नाही, केशकर्तनालयातला आहे. यंगडाल काळ्यांच्या वस्तीतल्या एका न्हाव्याकडे जातात. न्हाव्याचं नाव अर्नी चेंबर्स. हातातली कात्री न थांबवता तो या पाळकाला सांगतो, की हा प्रश्न आम्ही सोडवू शकत नाही. शाळा बंद पाडणाऱ्या दोऱ्या तुम्ही ओढता, काळ्याला घर विकू नये असे करार तुम्ही लिहिता, आम्हाला वस्तीत डांबणारे बॉम्बही तुमचेच. तेव्हा जाऊन तुमच्याच भावाबहिणींशी बोला. यंगडाल ऐकून घेतात. मग ते खरोखरच भावाबहिणींशी बोलायला गेले आणि १९६६ मध्येच राजीनामा देऊन बाहेर पडले.

(चेंबर्स पुढं १९७० मध्ये नेब्रास्काच्या विधिमंडळावर निवडून आले आणि तिथले सर्वाधिक काळ राहिलेले सदस्य ठरले. सरकारी पगारी धर्मगुरूनं सभागृहात प्रार्थना म्हणायची कशाला, म्हणून त्यांनी खटला भरला; १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले. २००७ मध्ये त्यांनी थेट देवावरच दावा ठोकला. देवाचा पत्ता नसल्यानं समन्स बजावता येत नाही, असं म्हणून न्यायाधीशांनी तो २००८ मध्ये काढून टाकला. पत्ता मलाही ठाऊक नाही. ऑगस्टानाच्या कार्यकारिणीच्या बैठकीत तो नव्हता, एवढं मात्र चित्रपटावरून खात्रीनं सांगता येतं.)

तर मॉन्टगोमेरीत डायनामाइटला जे जमलं नाही, ते ओमाहात सौजन्याला कसं जमलं? याचं उत्तर धर्मशास्त्रात शोधू नये, चर्चच्या घटनेत शोधावं. अमेरिकन ल्यूथरन चर्चमध्ये पाळकाला मंडळी बोलावते, मंडळीच ठेवून घेते, आणि त्याचं घर चालतं ते त्याच मंडळीच्या अर्पणावर. बिशप समजूत घालू शकतो, हुकूम सोडू शकत नाही. राष्ट्रीय पातळीवरचे वर्णभेदविरोधी ठराव कितीही खणखणीत असोत, ते ऑगस्टानाच्या दारापर्यंत पोचतात आणि पायपुसण्यावर थांबतात. ग्रेट्स यांचे शत्रू चर्चच्या बाहेर होते. आत जी मंडळी होती, ती त्यांच्या बाजूची होती, कारण लढाई तिचीच होती. बाहेरच्यानं बॉम्ब टाकला की आतले आणखी जवळ येतात, झाडू घेऊन येतात. यंगडाल यांना बाहेर कुणीच शत्रू नव्हता. जे होते ते बैठकीला हजर होते, त्यांना आदरानं ‘पास्टर’ म्हणत होते आणि यंगडाल यांच्या पगारावर ताबाही त्यांचाच होता.

आता माझा जुना सिद्धांत. नियमित वाचकांना पाठ आहे, नव्यांनी पुरावा मागू नये. कुठलीही सुधारणा मारायची असेल तर तिला विरोध करू नये, तिच्यासाठी उपसमिती नेमावी. विरोध केला की इतिवृत्तात नाव येतं. उपसमितीत बसलं की सुधारकांच्या यादीत नाव येतं. आणि बैठकीनंतरची कॉफी जितकी चांगली, तितका ठराव लवकर मरतो. ऑगस्टानाच्या कॉफीची चव मला माहीत नाही, पण ती उत्तम असणार असा माझा अंदाज आहे.

‘थांबा’ म्हणणाऱ्यांना मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून सविस्तर उत्तर दिलं होतं, तेही धर्मगुरूंनाच उद्देशून. म्हणजे ओमाहात दोन वर्षांनी तोच युक्तिवाद पुन्हा निघाला, तेव्हा त्याचं उत्तर छापून तयार होतं. वाचायला तेवढी ‘योग्य वेळ’ मिळाली नसावी.

आता त्या कात्रणाकडे वळू. करी कुठून आले? ते शिकागोतल्या सार्वजनिक शाळांत शिक्षक होते, समाजकार्यकर्ते होते. पुढं शिकागोजवळच्या रिव्हरडेलमध्ये शेकायना चॅपल या कृष्णवर्णीय मंडळीचे पाळक झाले आणि नंतर महानगर शिकागो सिनडचे बिशप. म्हणजे कुठल्या तरी गोऱ्या मंडळीचं मन सावकाश विरघळलं आणि तिनं त्यांना आत घेतलं, असं झालेलं नाही. त्यांच्यामागं काळ्या ल्यूथरनांनी, फारशा पाठिंब्याशिवाय, स्वतः उभ्या केलेल्या मंडळ्या आहेत. जेहू जोन्सनं फिलाडेल्फियात केलं तेच काम. याच चर्चनं २०१९ मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची जाहीर माफी मागितली, तीही काळानं मागितलेली नाही. मागायला लावणारी माणसं होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाला कधी ना कधी ‘एवढी घाई कशाला’ हे ऐकून घ्यावं लागलं असणार. पत्रलेखकांनी कात्रण माझ्या विरोधात पाठवलंय. मी ते माझ्या फायलीत लावून टाकलं आहे.

ल्यूथरनांच्या खात्यावर एक गोष्ट मात्र जमा करायला हवी. ‘अ टाइम फॉर बर्निंग’साठी पैसे दिले ते ल्यूथरन फिल्म असोसिएट्सनं, म्हणजे ल्यूथरनांच्याच संस्थेनं. शेवट लाजिरवाणा झाला, पाळक गेला, तरी त्यांनी चित्रपट कपाटात ठेवला नाही. व्यापारी वाहिन्यांनी तो नाकारला तेव्हा शैक्षणिक वाहिनीवरून दाखवला. पुढं त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, २००५ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. बॉम्ब पडला की पोलीस येतात, पंचनामा होतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. ‘जरा थांबू या’चा पंचनामा कधी होत नाही. ऑगस्टानाचा झाला, आणि तो या मंडळींनी स्वखर्चानं करून घेतला. आपल्याकडच्या कुठल्या विश्वस्त मंडळानं असा कॅमेरा बैठकीत बसू दिला तर मला कळवावं. मी स्वखर्चानं जाऊन बघेन.

शेवटी, ‘हे सगळं तिकडचं, आपल्याला काय त्याचं’ या ठरलेल्या पत्रासाठी. तंजावरच्या सरफोजी राजांचे गुरू श्वार्ट्झ हे ल्यूथरनच होते, आणि ज्या तमिळ मुलखात ते वावरले, तिथल्या चर्चमध्ये वेल्लाळ आणि परैयर या जातींचे लोक वेगवेगळे बसत. अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये हुकूम काढला की चर्चमध्ये जात चालणार नाही. तेव्हा दुखावलेल्या कितीतरी सवर्ण ख्रिस्ती कुटुंबांनी पुढं ल्यूथरन लाइपझिग मिशनचा आसरा घेतला, कारण ते मिशन जातीच्या बाबतीत घाई करणारं नव्हतं. ‘योग्य वेळे’ची वाट बघणारे तिथंही होते. त्यांच्या बाकांविषयी पुढच्या आठवड्यात.

– मागचा बाक