जाहिरात अडवायची ती राउटरवरच

जुलै २०२५ मध्ये कर्जत-जामखेडचे आमदार रोहित पवार यांनी समाजमाध्यमावर एक व्हिडिओ टाकला. विधान परिषदेचे सभागृह, हातात मोबाइल घेतलेले तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे आणि स्क्रीनवर रमीचा डाव. कोकाटे यांचे म्हणणे असे, की आपण खेळत नव्हतोच. रमी आपोआप समोर आली आणि आपण ती स्किप करत होतो. राज्यभर हशा पिकला. महिनाअखेरीस त्यांचे कृषी खाते काढून त्यांना क्रीडा खाते दिले गेले, तेव्हा तर विनोदवाल्यांना आयते कोलीतच मिळाले.

त्या सभागृहात नेमके काय घडले, हा वाद राजकारण्यांनी घालत बसावा. नको असताना स्क्रीनवर रमी येते, ही तक्रार मात्र कुठल्याही घरात पटण्यासारखी आहे. शाळकरी मूल लुडो उघडते आणि आधी पाच मिनिटांत कर्ज देणारे ॲप समोर येते. बाजारभाव पाहायला शेतकरी पान उघडतो, तर कांद्याच्या दरावर सट्ट्याचा चौकोन बसलेला. तो बंद करायची फुली इतकी बारीक, की बोट हमखास जाहिरातीवरच पडते.

व्हिडिओनंतर सुमारे महिनाभराने, २२ ऑगस्ट २०२५ रोजी, पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणाऱ्या केंद्राच्या कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उमटली. अशा खेळांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा चांगलाच आहे. पण परदेशात बसून सट्ट्याचे ॲप चालवणाऱ्याला इथल्या पोलिसांनी गाठायचे कधी? तोवर घराने काही करायचे की नाही?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका गावाने केले. नेवासे तालुक्यातल्या सौंदाळ्याच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२४ मध्ये शिवीगाळ करणाऱ्याला पाचशे रुपये दंडाचा ठराव केला आणि त्याची बातमी देशभर गाजली. त्या गडबडीत गावाचा दुसरा निर्णय मागे पडला. संध्याकाळी सात ते नऊ या अभ्यासाच्या वेळेत मुलांच्या हाती मोबाइल द्यायचा नाही. त्याआधी, २०२२ मध्ये, सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने संध्याकाळी सातचा भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली होती. दोन्ही गावांचे कौतुक करावे तेवढे थोडे. तरी एक गोष्ट उरतेच. हे ठराव घड्याळावर चालतात. नऊ वाजून एक मिनिटाने मोबाइल पुन्हा हातात येतो आणि रमीवाला तिथे हजर असतो.

त्याला अडवायची सोय ज्या राउटरच्या डबीतून तो घरात शिरतो, तिथेच आहे. मोबाइल असो वा टीव्ही, एखादे संकेतस्थळ उघडायचे तर यंत्र आधी त्याच्या नावावरून त्याचा आकडी पत्ता विचारून घेते. हा पत्ता सांगणारी व्यवस्था म्हणजे डीएनएस. १९८३ मध्ये आखलेल्या या व्यवस्थेवरच इंटरनेट चालते. जाहिरातीही बहुतेक वेळा वेगळ्या नावाच्या सर्व्हरवरून येतात. त्या नावांची यादी करायची आणि त्यातले नाव कुणी विचारले की पत्ताच द्यायचा नाही, एवढीच युक्ती. जाहिरात डाउनलोडच होत नाही, पान लवकर उघडते आणि डेटाही वाचतो. हे राउटरवर केले की वायफायवरच्या सगळ्या यंत्रांना लागू होते. आजीच्या मोबाइलमध्ये वेगळे ॲप टाकत बसावे लागत नाही.

करायला फार काही लागत नाही. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकायचा. तो बहुधा १९२.१६८.१.१ असतो, जिओच्या डबीवर १९२.१६८.२९.१. आत डीएनएसच्या रकान्यात गाळणी लावणाऱ्या सेवेचे आकडे भरायचे. ॲडगार्ड या सेवेचे मोफत आकडे आहेत ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५. अश्लील संकेतस्थळेही बंद हवी असतील तर त्यांचीच कुटुंबासाठीची जोडी आहे, ९४.१४०.१४.१५ आणि ९४.१४०.१५.१६. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत चालू असेल तर त्याचाही रकाना भरावा लागतो, नाहीतर यंत्रे त्या वाटेने खुशाल पत्ते विचारत राहतात. वायफायबाहेर, मोबाइल डेटावर, राउटरचा उपयोग नाही. तिथे अँड्रॉइड ९ पासून फोनच्या सेटिंगमध्ये असलेले प्रायव्हेट डीएनएस वापरावे.

यातून सगळे थांबेल असे सांगणारा थापा मारतो. यूट्यूबच्या जाहिराती व्हिडिओ येतो त्याच सर्व्हरवरून येतात, त्यामुळे एक अडवायला गेले की दुसरेही अडते. इन्स्टाग्रामच्या प्रायोजित पोस्टचेही तेच. म्हणजे मंत्रिमहोदयांची रमी यूट्यूबवरून आली असती, तर ही गाळणीही त्यांच्या मदतीला धावली नसती! कधी एखादी कामाची लिंकही अडकते आणि मग घरातला एकजण ‘नेट गेलं’ म्हणून ओरडतो. त्या नावाला सूट देण्याइतका ताबा हवा असेल, तर पाय-होल हे मोफत सॉफ्टवेअर जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायच्या छोट्या बोर्डावर घरीच चालवता येते.

पाय-होलची खरी गंमत त्याच्या नोंदवहीत आहे. कुठल्या यंत्राने किती वाजता कोणते नाव विचारले, ते ओळीने दिसते. रात्री घर झोपलेले, रिमोटने टीव्ही बंद केलेला, तरी त्याचे पत्ते विचारणे चालूच असल्याचे सकाळी कळते. यात नवल नाही. प्रेक्षक काय पाहतात याची माहिती त्यांना न विचारता सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींमधून गोळा केल्याबद्दल व्हिझिओ कंपनीला अमेरिकेत २०१७ मध्ये २२ लाख डॉलर मोजावे लागले. टीव्हीवर ॲड-ब्लॉकर सहसा बसवता येत नाही. त्याला राउटरवरच गाठावे लागते.

मात्र हीच वही घरातल्या माणसांवरही उघडते. सुनेने दुपारी कोणते संकेतस्थळ उघडले, कॉलेजातल्या मुलीने रात्री कोणते, त्याचा माग घरातल्या ‘कॉम्प्युटरमधलं कळणाऱ्या’ पुरुषाच्या हाती येतो. तशी नजर ठेवायला टपलेल्यांची आपल्या घरांत वाण नाही. वहीतली नावे लपवायची किंवा नोंद बंद करायची सोय पाय-होलमध्ये आहे. ती पहिल्याच दिवशी वापरावी आणि घरात सर्वांना तसे सांगावे. बाहेरची सेवा वापरली तर ही माहिती त्या कंपनीकडे जाते, हेही लक्षात असू द्यावे. फुकट सेवा म्हणजे विश्वासाचा व्यवहारच आहे.

वृत्तपत्राने जाहिराती अडवायला सांगावे, हे विचित्र वाटेल, कारण वृत्तपत्र जाहिरातींवरच चालते. पण छापील पानावरची सराफाची जाहिरात वाचकाचा पाठलाग करत नाही. जी संकेतस्थळे रोज वाचली जातात, त्यांना गाळणीतून सूट द्यावी किंवा वर्गणी भरावी. बातमी फुकट, जाहिरातही नको, असे दोन्हीकडून चालणार नाही.

आता हे करायचे कुणी? तालुक्याच्या गावात इंटरनेट म्हणजे केबलवाला. तो टीव्हीच्या वर डबी ठोकतो, मोबाइल नंबर हाच वायफायचा पासवर्ड ठेवतो आणि निघून जातो. राउटरचा ॲडमिन पासवर्ड बहुतेक वेळा त्याच्याकडेच असतो. काही डब्यांत तर डीएनएसचा रकाना ग्राहकाला दिसतही नाही. म्हणून मागणी त्याच्याकडे करावी, आणि ग्रामपंचायत व जिल्हा परिषदेच्या शाळेने ती सगळ्यात आधी करावी. सात ते नऊचा ठराव करणाऱ्या गावाला एका डबीत दोन आकडे भरून घेणे अवघड नाही. कनेक्शन जोडताना, पैसे हातात देण्याआधी सांगितले तर काम जागेवर होते. नंतर फोन केला तर ‘उद्या येतो’ हे उत्तर नेवाशापासून जामखेडपर्यंत एकच आहे.